पुरासाठी घरात पावडरीचं काय काय भरून ठेवायचं? दूध पावडर, टँग, ग्लुकोज, ओआरएस

नागाळापार्क_पहिलामजला

मंडळी, वळीव झोडपून गेला, मिरग तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच विचारून ठेवतोय. नाहीतर एकदा आपल्या कोल्हापुरात शिरोली नाक्यावर पुराचं पाणी आलं की सगळा गाव दूध आणि बिस्किटासाठी एकाच वेळी रस्त्यावर असतोय.

झालंय असं की आमचा मेहुणा अमेरिकेत युटा राज्यात असतोय. तिथं मॉर्मन लोकांची वस्ती लई, आणि त्यांच्यात घरात महिनोन्महिन्यांचं धान्य भरून ठेवायची पद्धतच आहे. त्यानं शेजाऱ्याच्या तळघराचे फोटो पाठवलेत. पत्र्याचे मोठमोठे डबे, त्यात दूध पावडर, संत्र्याच्या सरबताची पावडर, हॉट चॉकलेट, लेमनेड, आणि दूध पावडरीच्या डब्यावर चक्क २० वर्षं टिकते असं. आता आमच्या बायकोच्या डोक्यात बसलंय की आपण पण असं एक कपाट करायचं.

घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. आईला शुगर आहे. मला एवढंच विचारायचंय की पाण्यात कालवून प्यायच्या ज्या पावडरी मिळतात त्यातलं नेमकं काय घ्यावं, किती घ्यावं, आपल्या इथल्या दमट हवेत ते टिकतं का. उगाच हजारो रुपये घालून सप्टेंबरात दगड झालेली पाकिटं फेकायची नाहीत.

पेठेतला_पैलवान

काय राव, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण पिणारी माणसं आपण, आणि पावडरीचं दूध विचारालाय. वाईट दिवस आले म्हणायचे 😄

बरं, चेष्टा सोडा. धागा चांगलाय, वाचालोय.

शाहूपुरी_५६फूट

आमचं घर व्हीनस कॉर्नरच्या बाजूला, पुराचं पाणी शिरतंय त्या भागात, त्यामुळं या विषयात मला मत आहे आणि ते मी देणारच.

पहिली गोष्ट म्हणजे मेहुण्याचा फोटो बाजूला ठेवा. त्या लोकांचा हिशोब वेगळाय, नोकरी गेली, हिमवादळ आलं, भूकंप झाला, कधी काय होईल सांगता येत नाही म्हणून वीस वर्षांचं. आपलं संकट कॅलेंडर बघून येतंय. जुलै ते ऑगस्ट, फार तर सप्टेंबर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि त्या आकड्यांवरनं माणसाला दोन दिवस आधी अंदाज येतोय. २०१९ ला ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. दोन्ही वेळेला पुणे-बेंगलोर हायवे बंद, गावोगावचं दूध संकलन ठप्प, शहरात यायचा रस्ताच नाही तर दूध येणार कुठनं. २०१९ ला तर पेट्रोलसुद्धा अत्यावश्यक गाड्यांनाच मिळत होतं. पण सगळं धरून आठवडा, दहा दिवस, फार तर दोन आठवडे. म्हणजे आपल्याला वीस वर्षं टिकणारी पावडर नको, जूनमध्ये आणलेली ऑक्टोबरपर्यंत कोरडी राहील अशी पावडर पाहिजे. हा प्रश्नच वेगळा झाला.

दुसरी गोष्ट, आणि ही लोक विसरतात, पावडर कालवायला पाणी लागतंय. पुरात सगळ्यात आधी जातंय ते प्यायचं पाणी, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात. चारीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, मग टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं. माणशी रोजचं तीन लिटर जरी प्यायला आणि कालवायला धरलं तरी तुमच्या पाच जणांना दहा दिवसाला दीडशे लिटर होतंय. आधी त्याची सोय करा, मग टँग आणा.

डेअरी_तात्या

दूध संघात पावडर प्लँटवर नोकरी केली, आता रिटायर. यातलं थोडं कळतंय म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं जावा.

बाजारात दूध पावडर म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि गिऱ्हाईक तिन्हीला दूध पावडरच म्हणतंय. एक स्किम्ड, म्हणजे साय काढलेल्या दुधाची, हिच्यात फॅट दीड टक्क्याच्या आत. दुसरी होल मिल्क पावडर, हिच्यात फॅट २६ टक्क्यांच्या वर. आणि तिसरी डेअरी व्हाइटनर, जी आपण चहासाठी आणतो, तिच्यात साखर घातलेली असती. पाकिटावर पुढं काय छापलंय ते बघू नका, मागं घटक वाचा.

साठवायला स्किम्डच. कारण साधं आहे, दूध पावडर खराब होती ती मुख्यत्वे फॅटमुळं. फॅटला हवेतला ऑक्सिजन लागला की ते खवट होतंय, जुन्या तेलासारखा वास मारतंय. फॅट नाही तर खवटपणाची भानगडच कमी. अमेरिकेतले ते वीस वर्षांचे डबे असतात ते पण स्किम्डचेच, वर आतला ऑक्सिजन काढलेला, हवाबंद पत्र्याचा डबा, आणि थंड कोरडं तळघर. या चार गोष्टींतली एक जरी काढली तर वीस वर्षं विसरा. आपल्याकडच्या साध्या पाकिटावर जी तारीख असती ती धरूनच चालायचं.

आता दुसरा शत्रू, जो कोल्हापुरात पहिला शत्रू आहे. ओल. दुधात लॅक्टोज नावाची साखर असती. प्लँटमध्ये दूध गरम हवेत फवारून क्षणात वाळवतात, त्यामुळं त्या लॅक्टोजला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते तसंच काचेसारखं राहतंय आणि हवेतलं पाणी अधाशासारखं ओढतंय. पुरेशी ओल ओढली की मग त्याचे स्फटिक बनायला लागतात आणि बनताना ते धरलेलं पाणी सोडून देतात, त्यानं शेजारची पावडर भिजती. म्हणून गाठी आधी एक-दोन दिसतात आणि मग बघता बघता सगळं पाकीट दगड. त्यात उष्णता मिळाली की रंग पिवळसर तपकिरी होतोय, शिजल्यासारखा वास येतोय, आणि कालवली तर खाली साका बसतोय, विरघळत नाही. असली पावडर लगेच विष होत नाही पण पोरं पिणार नाहीत, आणि पोषण पण घटलेलं असतंय.

म्हणून मोठं पाकीट घेऊ नका. एक किलोचं फोडलं की पावसाळ्यात ते दोन आठवड्यात संपवावं लागतंय. दोनशे किंवा पाचशे ग्रॅमची घ्या, एक संपल्यावर दुसरं फोडा. आणि कुणी २५ किलोच्या पोत्यातली सुट्टी पावडर स्वस्तात देतो म्हणालं तर साठवणीला घेऊ नका. पोतं कधी फोडलं, किती दिवस उघडं होतं, कुणाला माहीत.

हिशोब सोपा आहे. शंभर ग्रॅम स्किम्ड पावडरीला एक लिटर दूध. रोज एक लिटर धरलं तर दहा दिवसाला एक किलो. कालवताना आधी थोड्या कोमट पाण्यात पेस्ट करा, मग उरलेलं पाणी घाला, थेट पातेल्यात टाकली की गुठळ्या होणारच. पाणी उकळून गार केलेलं असेल तर दूध परत तापवायची पण गरज नाही, तेवढा गॅस वाचतोय. पावडर जरा जास्त घालून विरजण लावलं तर दही सुद्धा झकास लागतंय.

नागाळापार्क_पहिलामजला

तात्या, लई उपयोगी. म्हणजे घरात जो व्हाइटनरचा डबा आहे तो चालणार नाही का? पोरं तेच दूध म्हणून पितात.

डेअरी_तात्या

चहाला चालंल. पोरांना प्यायला म्हणून नको, फुकट साखर जाती पोटात. आणि आईंना तर नकोच.

तान्हं बाळ कुणाच्या घरात असेल तर त्याच्यासाठी यातलं काहीही चालत नाही, व्हाइटनर नाही, स्किम्ड नाही. अंगावरचं दूध हेच पुरात सगळ्यात सुरक्षित, पाणी घाण असतंय आणि बाटली धुवायची सोय नसती. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच असेल तर तोच डबा जादा आणून ठेवावा.

शिरोली_पॅकिंगवाला

तात्यांनी माल सांगितला, मी पिशवी सांगतो, आमचा धंदाच तो.

पाकिटावर पाकीट घाला. दुकानातलं पाकीट न फोडता तसंच ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशवीत टाकायचं आणि तोंड सील करायचं. चांदीसारखी दिसती ती. नेटवर मायलार बॅग म्हणून विकतात, इथं पॅकेजिंगच्या दुकानात फॉइल पाउच म्हणा, कळतंय. साध्या पारदर्शक प्लॅस्टिकमधनं दमट हवा हळूहळू आत जाती, दिसत नाही पण जाती. फॉइलमधनं जवळजवळ जात नाही. मग त्या पिशव्या स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण उंदराला फॉइल म्हणजे काहीच नाही.

ऑक्सिजन ॲबसॉर्बर आणि सिलिका जेल यात लोक गोंधळ करतात. ॲबसॉर्बरच्या पुडीत लोखंडाची भुकटी असती, ती गंजताना आतला ऑक्सिजन खाती. सिलिका फक्त ओल ओढती. दोन्ही एकाच पिशवीत शेजारी शेजारी टाकू नका, गंजायला थोडी ओल लागती आणि ती सिलिका पळवून नेती, मग दोन्हीचे पैसे वाया. आणि साखरेच्या मालात, म्हणजे टँग, ग्लुकोज, सरबत पावडर, साखर यात ऑक्सिजन ॲबसॉर्बर अजिबात नको, सगळं कडक ढेकूळ होतंय. साखर तशीही ऑक्सिजननं खराब होत नाही, तिला फक्त कोरडं ठेवा.

चार महिन्यासाठी मला विचाराल तर ॲबसॉर्बरची गरजच नाही. न फोडलेलं पाकीट, वर फॉइल, आत सिलिकाची एक पुडी, झालं. निळ्याची गुलाबी होणारी सिलिका मात्र खाण्याच्या वस्तूत नको, त्यात कोबाल्ट असतंय.

पेठेतला_पैलवान

एवढं सगळं करण्यापेक्षा बरणीत तांदूळ टाकले तर? मिठाच्या बरणीत आई टाकती की.

शिरोली_पॅकिंगवाला

भावा, मिठाला टाक. तांदूळ थोडीफार ओल धरतंय पण दूध पावडर त्याच्यापेक्षा जास्त अधाशी आहे, तात्यांनी वर सांगितलंच. वर तांदळात सोंडे झाले तर आणि बोनस.

औषधदुकान_ताई

मी फार्मसिस्ट आहे, त्यामुळं ओआरएस, म्हणजे जुलाबात अंगातलं पाणी भरून काढायची पावडर, आणि ग्लुकोजवर बोलते, कारण दुकानात रोज हाच घोळ बघते.

ग्लुकोज पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. सरबत पावडर म्हणजेही नव्हे. टेट्रापॅकमध्ये मिळणारी गोड फळांची पेयं तर नव्हेच नव्हे. या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, इतका गैरसमज झाला होता. खरं ओआरएस कसं ओळखायचं, तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का बघा. २००२ पासूनचं सूत्र असं आहे, एक लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९, मिळून २०.५ ग्रॅम. यात साखर कमी आणि मोजून असते, कारण ग्लुकोज आणि सोडियम बरोबरीनं आतड्यात शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागं आत जातं. साखर जास्त झाली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणजे जुलाब झालेल्या पोराला घट्ट टँग पाजणं हे चांगुलपणानं केलेलं वाईट काम आहे.

पुरानंतर पाणी दूषित होऊन जुलाब-उलट्या हे ठरलेलंच, म्हणून माझ्या यादीत ओआरएस दूध पावडरीच्याही वर आहे. माणशी पाच-सहा एक लिटरची पाकिटं ठेवा. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असलं अंदाजपंचे करू नका, पूर्ण पाकीट पूर्ण लिटरात, आणि कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्या. पाकीटच नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त नको, चव डोळ्यातल्या पाण्याइतकी खारट असावी, जास्त नाही.

तुमच्या आईंसाठी, ग्लुकोज पावडरीचं एक छोटं पाकीट जरूर ठेवा, पण रोज प्यायला नाही. पुरात जेवणाच्या वेळा चुकतात, गोळ्या-इन्सुलिन मात्र वेळेवर घेतलं जातं, आणि मग शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, चक्कर. तेव्हा तीन-चार चमचे पाण्यातून लगेच. रोजच्यासाठी त्यांना स्किम्ड दूध, पातळ ताक, लिंबूपाणी मीठ घालून. आणि आईंना जुलाब झाले तर ओआरएस द्यायचं, त्यात साखर आहे म्हणून घाबरायचं नाही, फक्त डॉक्टरांना कळवायचं.

अजून एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. पुरात पाण्यात क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या टाकतो ना, त्या पाण्यात लगेच टँग किंवा व्हिटॅमिन सी असलेली कुठलीही पावडर, किंवा लिंबू, टाकू नका. व्हिटॅमिन सी क्लोरीनला निकामी करतं, म्हणजे जंतू मरायच्या आधी औषध मेलं. थेंब टाका, अर्धा तास झाकून ठेवा, मग पावडर. त्या वेळेला मात्र उलटा फायदा होतो, क्लोरीनचा वास जातो आणि पोरं मुकाट्यानं पाणी पितात.

शाहूपुरी_५६फूट

ताई हे शेवटचं मला माहीतच नव्हतं, लई भारी.

तरी माझं मत टँगच्या विरोधातच. साखर, लिंबाचं आंबट, रंग आणि वास, एवढंच आहे त्यात. व्हिटॅमिन सी म्हणून कुणी आणत असेल तर दहा दिवस सी नाही मिळालं म्हणून कुणाला स्कर्व्ही होत नाही, त्याला महिना-दोन महिने जावे लागतात. तेवढ्या जागेत साखर आणि लिंबूसत्व ठेवा, स्वस्तात तेच सरबत.

कदमवाडी_आई

शाहूपुरीवाले दादा, तुमच्या घरात लहान पोरं नाहीत वाटतं.

अंधारात, लाईट नाही, मोबाईल बंद, बाहेर पाण्याचा आवाज, आणि चार दिवस तोच भात आणि पिठलं. अशात पोराच्या हातात केशरी सरबताचा ग्लास दिला की तासभर शांतता मिळते, त्याची किंमत जीवनसत्त्वात मोजता येत नाही. आणि टँकरचं पाणी पोरं तोंडात धरून थुंकतात, पीत नाहीत, तहान लागली तरी. पाणी पोटात जाणं हेच महत्त्वाचं ना. आम्ही दोन पाकिटं ठेवतो, एक आंबा एक संत्रं, पातळ करून देतो. चॉकलेटवाली माल्ट पावडर पण थोडी, दुधाच्या पावडरीचा वास झाकायला. ती हेल्थ ड्रिंक आहे या भ्रमात आम्ही नाही, २०२४ मध्ये सरकारनंच ऑनलाइन दुकानांना त्या वर्गातून असली पेयं काढायला लावली होती. चव म्हणून ठेवतो, बास.

शुगर फ्री पावडर मात्र भरून ठेवायला घेऊ नका, ॲस्पार्टेमवाली (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर ओल आणि धग लागून तिचा गोडवा कमी होऊ शकतो.

शाहूपुरी_५६फूट

बरोबराय वहिनी, थुंकायचा मुद्दा मान्य. दोन पाकिटं मंजूर, वीस नको.

कृष्णाकाठ_शिरोळ

तुमचं शहराचं चाललंय, आमच्याकडची गोष्ट वेगळी. शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड इकडं पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही, आणि घर सोडूनच जावं लागतंय. बोटीत बसताना एक पिशवी हातात घेता येती, कपाट घेता येत नाही. मग त्या पिशवीत काय, हा माझा प्रश्न. ओआरएस पहिलं, हलकं आणि काही शिजवावं लागत नाही. दुसरं सातूचं पीठ. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून केलेलं, गूळ आणि पाण्यात कालवलं की पोट भरतंय, चूल लागत नाही, भांडं एक पुरं. टँगनं पोट भरतंय का? नाचणीचं सत्त्व पण भारी पण ते शिजवावं लागतंय, कॅम्पवर गॅस असला तर.

आमची आजी पूर्वीपासनं मिरगाच्या आधी सातू करून ठेवायची, तिला कुणी अमेरिकेतनं फोटो पाठवले नव्हते.

डेअरी_तात्या

सातूला माझं पण मत. फक्त पीठ दळलं की दीड-दोन महिन्यात वास बदलायला लागतोय आणि किडा पण लवकर धरतोय, म्हणून ते जुलैच्या सुरवातीला ताजं करावं, मेमध्ये नको. गुळाची पावडर पण पावसाळ्यात ओल धरून चिकट होती, त्यापेक्षा कोरडा पिवळा कडक गुळाचा खडा कागदात गुंडाळून डब्यात.

रंकाळा_टॉवर

कुणी चहावर बोललंच नाही अजून, हे कोल्हापूरच आहे ना? चहा प्रीमिक्स मिळतंय, दूध साखर वेलची सगळं आत, नुसतं गरम पाणी ओतायचं. एकेका कपाच्या पुड्या असतात, त्यामुळं ओलीचा प्रश्न नाही. चव बरी, म्हणजे पुरात बरी.

औषधदुकान_ताई

चालेल, पण घटक वाचा. बऱ्याच प्रीमिक्समध्ये अर्ध्याहून जास्त साखरच असते. आईंसाठी चहापत्ती आणि स्किम्ड पावडर वेगळी ठेवा. इन्स्टंट कॉफी हवाबंद असेल तर या सगळ्यात जास्त टिकते, तिच्यात फॅटही नाही आणि साखरही नाही.

नागाळापार्क_पहिलामजला

आता ठेवायचं कुठं? आमच्याकडं वर गच्चीवर पत्र्याची खोली आहे. पाणी तिथवर यायचा प्रश्नच नाही.

शिरोली_पॅकिंगवाला

पत्र्याखाली नको. एप्रिल-मेमध्ये तिथं चाळीसच्या वर जातंय, आणि साधारण दर दहा अंशाला खराब व्हायचा वेग दुप्पट धरतात. पाणी चढायला लागल्यावर सामान वर न्या, पण बाकी दिवस पहिल्या मजल्यावर आतल्या खोलीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात. स्वयंपाकघरात गॅसच्या वर पण नको, तिथं रोज वाफ आणि धग.

शाहूपुरी_५६फूट

आणि पुराचं पाणी लागलेलं पाकीट, वरनं कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. त्या पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं, सगळं आलं. झाकण फिरवायच्या बरण्या पण टाकायच्या, आट्यात पाणी शिरतंय. फक्त कारखान्यात सील केलेला पत्र्याचा डबा, गंज नाही, पोचा नाही, फुगलेला नाही, तर वरचा कागद काढून साबणानं आणि मग क्लोरीनच्या पाण्यानं धुवून वापरता येतोय. लोक हळहळतात आणि वाळवून ठेवतात, तसं करू नका.

पेठेतला_पैलवान

मला एकच सांगा तात्या, पूर आलाच नाही तर त्या एक किलो पावडरीचं काय करायचं? दूध कट्ट्यावर तोंड दाखवायचंय मला.

डेअरी_तात्या

गुलाबजाम कर की. स्किम्ड पावडर, थोडा मैदा, तूप, चिमूटभर सोडा. गणपतीत मात्र पावडरीला हात लावू नको, २०१९ चा पूर ऑगस्टातला होता आणि सप्टेंबरात सुद्धा धरणाचे दरवाजे उघडतात. घटस्थापनेनंतर फोड, दिवाळीपर्यंत संपव. पुढच्या मेमध्ये नवीन तारखेची आण. पाकिटावर मार्करनं आणल्याचा महिना मोठा लिहून ठेव, छापलेली तारीख बारीक असती आणि बॅटरीच्या उजेडात दिसत नाही.

नागाळापार्क_पहिलामजला

मंडळी, बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. ठरलंय असं, स्किम्ड पावडर पाचशेच्या पाकिटात दोन किलो, कारण पोरं जास्त पितात. ओआरएसची तीस पाकिटं, ग्लुकोज एक छोटं आईसाठी, टँग दोन, कॉफी, साखर, चहापत्ती. सातू आत्याकडनं जुलैत. आणि पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन, ते सगळ्यात आधी. मेहुण्याला कळवलंय की तळघर रद्द.

रविवारी लक्ष्मीपुरीत जातोय. फॉइलची पिशवी सील करायचं मशीन घ्यावं लागंल का, का इस्त्रीनं होतंय?

शिरोली_पॅकिंगवाला

दहा-बारा पिशव्यांसाठी मशीन नको, इस्त्रीनं होतंय. आधी एका रिकाम्या पिशवीच्या कोपऱ्यावर मध्यम तापमानाला बघा, जास्त झालं तर आतलं प्लॅस्टिक वितळून इस्त्रीला चिकटतंय, म्हणून मध्ये सुती फडकं धरा. खाली लाकडी फळी ठेवा, पिशवीतली हवा हातानं दाबून काढा, दोन बोटं रुंद पट्टी दाबा, गार होईपर्यंत ओढू नका. पाकीट फोडून सुटी पावडर भरत असाल तर तोंडाच्या आतनं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, पावडरीचा कण राहिला तर तिथं सील धरत नाही. झाल्यावर पिशवी उशीसारखी दाबून बघा, हवा सुटली तर परत करा.

कदमवाडी_आई

लक्ष्मीपुरीत चाललाच आहात तर माझ्यासाठी पण सहा पिशव्या आणाल का दादा, पाचशे ग्रॅमचं पाकीट बसेल एवढ्या. पैसे गुगल पे करते.